केनिया : आकडे आणि कुटुंबनियोजन

केनियात कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1967 मध्ये सुरू झाला. सहारापलीकडच्या आफ्रिकेतला तो पहिलाच. मात्र बरीच वर्षे तो कागदावरच राहिला. चित्र पालटले ते आकड्यांमुळे. 1977-78 च्या पाहणीत एका स्त्रीला सरासरी आठ मुले होत असल्याचे दिसले. पाठोपाठ 1979 च्या जनगणनेने लोकसंख्यावाढीचा वेग वर्षाला 3.8 टक्के दाखवला. या वेगाने देशाची लोकसंख्या अवघ्या अठरा वर्षांत दुप्पट होते.

तरीही नुसत्या टक्केवारीने मंत्री हलत नाहीत. म्हणून अभ्यासक दोन अंदाज शेजारी शेजारी मांडतात : जन्मदर आहे तसाच राहिला तर काय, आणि घटला तर काय. मग पहिलीच्या वर्गात किती मुले येतील, किती शिक्षक लागतील, दवाखान्यांना किती परिचारिका हव्यात, हे त्यातून निघते. अर्थखात्याला हीच भाषा कळते.

केनियात 1982 मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या परिषद स्थापन झाली, 1984 मध्ये लोकसंख्या धोरण ठरले. 2022 च्या पाहणीत एका स्त्रीमागे मुलांची सरासरी 3.4 वर आली होती. ही सरासरी मात्र फसवी आहे : नैरोबीत 2.5, तर ईशान्येकडच्या मंडेरा परगण्यात 7.7. म्हणूनच आता परगणानिहाय आकडे महत्त्वाचे ठरतात, कारण 2013 पासून आरोग्यसेवेचा बहुतांश कारभार आणि त्यासाठीची तरतूद परगणा सरकारांच्या हाती आहे.