टाळ्या एकांच्या, मतं दुसऱ्यांची

आजची गोष्ट जरा लांबची आहे, थेट ब्रिटनची. पण शेवटपर्यंत ऐका, कारण ती आपल्याच मोबाइलपाशी येऊन थांबते.

एखाद्या पक्षाला नवा नेता मिळाला की काय होतं? दोन दिवसांत आपलं फीड त्याच्या भाषणांनी भरून जातं. रील्स, मीम्स, सभेची गर्दी. आणि आपण म्हणून टाकतो, "लोकांनी याला उचलून धरलंय!" माझा प्रश्न एवढाच, की हे 'लोक' म्हणजे नक्की कोण?

चला २०१५ मध्ये. मे महिन्यात ब्रिटनची लेबर पार्टी, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतला मजूर पक्ष, निवडणूक हरला. नेत्याने राजीनामा दिला. नव्या नेत्यासाठी चार जण उभे राहिले. त्यांतले एक जेरेमी कॉर्बिन. वय ६६, डाव्या विचारांचे, १९८३ पासून लंडनचे खासदार, पण एकदाही मंत्री झालेले नाहीत. उमेदवारीसाठी ३५ खासदारांचा पाठिंबा लागत होता. त्यांना ३६ जणांचा मिळाला, तोही मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना. त्यातल्या काहींचा हिशोब असा होता, की चर्चेत एक डावा आवाज असू दे, निवडून थोडाच येतोय!

पण त्या वेळी नियम नवा होता. ३ पौंड, म्हणजे तेव्हाचे साधारण ३०० रुपये, भरून समर्थक म्हणून नाव नोंदवायचं आणि नेता निवडायला मत द्यायचं. एक लाखाहून जास्त जणांनी असं मत दिलं. १२ सप्टेंबरला निकाल लागला. कॉर्बिन यांना पहिल्याच फेरीत ५९.५ टक्के! ३ पौंडवाल्यांमध्ये तर ८३.८ टक्के. पक्षाच्या पूर्ण सभासदांमध्ये मात्र ४९.६. म्हणजे पक्षाच्या आतसुद्धा 'लोक' एक नव्हते.

तीनच दिवसांनी एक प्रसंग घडला. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या स्मरणार्थ लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये कार्यक्रम होता. राष्ट्रगीत सुरू झालं. कॉर्बिन उभे होते, पण गप्प. ते राजेशाहीच्या विरोधातले, आणि गीत तर राणीचं. चाहत्यांना हा माणूस तत्त्वाला जागणारा वाटला. बाकीच्या कितीतरी जणांना तो आपला वाटलाच नाही. फोटो एकच, अर्थ दोन.

पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, ब्रेग्झिटचं सार्वमत झालं आणि पक्षाच्याच खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला, १७२ विरुद्ध ४० मतांनी. आपल्याकडे असं झालं तर दुसऱ्या दिवशी पक्ष फुटतो. तिथे पुन्हा नेत्याची निवडणूक झाली आणि कॉर्बिन ६१.८ टक्के मतांनी परत आले.

आता २०१७. पंतप्रधान थेरेसा मे यांनी अचानक निवडणूक जाहीर केली. काही सर्वेक्षणांत त्यांचा हुजूर पक्ष २० टक्क्यांनी पुढे होता. कॉर्बिन यांचा जाहीरनामा काय, तर विद्यापीठाची फी रद्द, रेल्वे पुन्हा सरकारी. तरुणांनी तो डोक्यावर घेतला. ८ जूनला मतदान झालं आणि निकाल आला. मजूर पक्षाला ४० टक्के मतं, ३० जागा वाढल्या, मे यांचं बहुमत गेलं. त्याच महिन्यात ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात हजारो पोरं कॉर्बिन यांच्या नावाने गात होती. 'यूथक्वेक' हा ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द ठरला.

पण जरा थांबा. जागा किती? मजूर २६२, हुजूर ३१७. म्हणजे जल्लोष झाला, तरी पराभवच झाला होता.

आणि त्याच रात्री दोन गावांत काय झालं ते बघा. कँटरबरी हे विद्यापीठांचं शहर. शंभरेक वर्षं हुजूर पक्षाकडे असलेली ही जागा मजूर पक्षाने १८७ मतांनी जिंकली. सगळीकडे तिचीच बातमी. आणि मॅन्सफिल्ड हे जुन्या कोळसा खाणींचं गाव, १९२३ पासून मजूर पक्षाचा बालेकिल्ला. ते गाव त्याच रात्री हुजूर पक्षाकडे गेलं. त्यावर गाणं कोण करणार?

युगव्ह या संस्थेने नंतर वयानुसार आकडे काढले. १८-१९ वर्षांच्या मतदारांत ६६ टक्के मजूर पक्षाकडे, ७० च्या पुढच्यांत ६९ टक्के हुजूर पक्षाकडे. आणि म्हातारी माणसं मतदानाला न चुकता जातात.

मग आला डिसेंबर २०१९. मजूर पक्ष २०२ जागांवर घसरला, १९३५ नंतरची सर्वांत वाईट कामगिरी. कँटरबरी टिकलं. मॅन्सफिल्डमध्ये हुजूर पक्षाची आघाडी १६ हजारांवर गेली. खाणींची आणि कारखान्यांची अशी कितीतरी गावं एका रात्रीत हातची गेली. कारणं अनेक होती. ब्रेग्झिटवर पक्षाची भूमिका धड ना इकडची, ना तिकडची. ज्यूद्वेषाच्या तक्रारी पक्षाने नीट हाताळल्या नाहीत. पण पक्ष सोडून गेलेल्या मतदारांना विचारलं, तर पुन्हा पुन्हा पहिलं कारण यायचं ते म्हणजे नेता. ज्याच्यासाठी पोरं गात होती, तोच.

आता खरी मजा. २०१७ मध्ये हरताना कॉर्बिन यांना मिळाली जवळपास १ कोटी २९ लाख मतं. २०२४ मध्ये कीर स्टार्मर यांना मिळाली सुमारे ९७ लाख. आणि जागा? तब्बल ४११! कमी मतं, प्रचंड विजय. कारण विरोधी मतं फुटली होती, आणि मतं कुठे मिळतात यालाच तिथे किंमत आहे. एका गावात मतांचा डोंगर उभा राहिला तरी जागा एकच.

ही पद्धत ओळखीची वाटते ना? वाटणारच. आपली लोकसभा आणि विधानसभा याच पद्धतीने निवडली जाते.

आणखी एक धागा. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारे भारतीय नागरिक तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे तिथे शिकायला गेलेली आपली पोरंही त्या गर्दीत नुसती बघ्यासारखी उभी असतील असं नाही.

मग कॉर्बिन यांच्या मागे गेलेली तरुण मंडळी मूर्ख होती का? अजिबात नाही. फी, घरभाडं, पगार हे त्यांचे प्रश्न खरे होते. चूक एवढीच झाली, की आपल्या आवाजाला त्यांनी सगळ्या देशाचा आवाज समजलं. मॅन्सफिल्डच्या आजोबांना कुणी विचारलंच नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादा नवा नेता तुमच्या फीडवर आला, तुम्हाला आवडला, तर जरूर टाळ्या वाजवा. पण गावी फोन लावा. काकांना विचारा, आत्याला विचारा, "हा माणूस तुम्हाला कसा वाटतो?" ते बोलत असताना मध्ये तोडू नका. तुमच्या आवडत्या नेत्याचा निकाल बहुतेक त्या फोनवरच कळेल, फीडवर नाही.

फोन केलात तर काय ऐकलंत ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!