शोभिवंत गोगलगायींचा रंग टिकविण्यासाठी निवड पद्धत

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणावरून)



भाताच्या मुलखात गोगलगायीवर भाषण म्हटल्यावर काहींना हसू येईल. परंतु आपल्याला मुंबई जवळ आहे आणि शोभिवंत मासे पाळणारे काही जण चपट्या शंखाची तांबडी गोगलगायही पाळतात. त्यांची तक्रार एकच असते. सुरुवातीला सगळी तांबडी, पुढे टाकी तपकिरी पिल्लांनी भरते.

प्रथम हा रंग येतो कोठून ते पाहू. या गोगलगायीच्या रक्तात हिमोग्लोबिन असते. अंगात काळे रंगद्रव्य असले की ते झाकले जाते. नसले की पातळ शंखातून रक्ताचा तांबडेपणा दिसतो. काळेपणा हा प्रभावी गुण, त्याचा अभाव अप्रभावी. तांबडी आणि शुद्ध तपकिरी यांचा संकर झाला तर पहिली पिढी सगळी तपकिरी निघते. दुसऱ्या पिढीत साधारण चारांत एक तांबडी येते. भातातही लाल दाणा पांढऱ्यावर प्रभावी असतो, हे बियाण्यातील भेसळ काढणाऱ्यांना ठाऊक आहे.

यातून फायद्याची गोष्ट निघते. दोन्ही पालक तांबडे असतील तर पिल्ले तांबडीच होणार. तपकिरी पिल्लू दिसले म्हणजे भेसळ बाहेरून आली असे समजावे. ती पाणवनस्पतींना चिकटलेल्या अंड्यांतून येते, नाल्याच्या न गाळलेल्या पाण्यातून येते, नाहीतर विकत आणलेल्या गोगलगायीच्या पोटातून येते. हा शेवटचा मार्ग फसवा आहे. एकाच गोगलगायीत नर व मादी दोन्ही अवयव असतात आणि जोडीदाराचे बीज ती बरेच दिवस साठवून ठेवते. त्यामुळे दुकानातून आणलेली तांबडी गोगलगाय एकटी ठेवली तरी तपकिरी पिल्ले देऊ शकते. म्हणून तिला पैदाशीस वापरू नये. तिची तांबडी पिल्ले मुगाच्या दाण्याएवढी असतानाच, वयात येण्यापूर्वी, वेगळ्या टाकीत काढावीत व तीच पायाभूत बियाण्यासारखी जपावीत. नवीन पाणवनस्पती तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून, पिल्ले दिसतात का हे पाहूनच वापराव्यात.

तपकिरी गोगलगायीत तांबडा गुण लपला आहे का, हे पाहायचे असल्यास ती लहानपणापासून एकटी वाढवावी. जोडीदार न मिळाल्यास ती भाताप्रमाणे स्वतःच फलन करते. पिल्लांत काही तांबडी निघाली तर गुण आहे.

निवड करताना एकाच जोडीवर भर देऊ नये, वाण दुबळा होतो. गडद व एकसारखा रंग, गुळगुळीत शंख आणि चांगली वाढ असलेल्या निदान दहा-बारा ठेवाव्यात. शंखावर पांढरे खड्डे पडले तर तो बहुधा चुन्याच्या कमतरतेचा दोष असतो, आनुवंशिक नव्हे. पावसाचे पाणी वापरणाऱ्यांकडे हे हटकून दिसते. शिंपल्याचा चुरा टाकावा. मोरचूद कालवलेली बादली मात्र टाकीजवळही आणू नये. तांबे हे गोगलगायीला विष आहे.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. नको असलेली पिल्ले राजनाल्यात किंवा खाचरात सोडू नका. 1980 च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील ‘गोल्डन अ‍ॅपल स्नेल’ खाण्यासाठी तैवानात नेली. ती निसटली, पुढे फिलिपाइन्सपर्यंत पोहोचली आणि कोवळी भातरोपे फस्त करू लागली. तिच्या जवळच्या जातीच्या पिवळ्या, निळसर गोगलगायी शोभेसाठी विकल्या जातात आणि लहानपणी त्या ओळखणे कठीण असते. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होते, म्हणजे तेथे वर्षातून दोनदा कोवळे रोप तयार असते. सापडली तर ती सोडणार नाही.

टाकीचे पाणी दाट फडक्यातून गाळून नाल्यापासून दूर, कोरड्या जमिनीवर झाडांना घालावे. काढून टाकलेली पिल्ले उकळून कोंबड्या-बदकांना द्यावीत. आपली देशी मोठी गोगलगाय ओलसर मातीत पांढरी अंडी घालते. भाताच्या ताटावर किंवा बांधाच्या दगडावर, पाण्याच्या वर, गुलाबी अंड्यांचा घोस दिसला तर तो खरवडून चिरडावा आणि कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रास त्याच दिवशी कळवावे.