विजेच्या उभ्या बेसला नव्या तारा

श्रोतेहो, घरांत तंबोरा असला म्हणजे त्याची तार केव्हां ना केव्हां तुटतेच, आणि ती कशी लावावी हें घरांतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला तरी ठाऊक असतें. सतारीचें आणि व्हायोलिनचेंहि तसेंच. परंतु अलीकडे शहरांतल्या कांहीं घरांत एक असें वाद्य आलें आहे कीं, ज्याला अजून असा वडीलधारा कोणी लाभलेला नाहीं. तें वाद्य म्हणजे विजेच्या साह्यानें वाजणारा उभा बेस. मुलगा किंवा मुलगी हें वाद्य शिकूं लागते, कांहीं काळानें त्याच्या तारा निर्जीव होतात, आणि मग हें काम कोणाकडे न्यावें असा प्रश्न पडतो. तारांचा एक संच हजारों रुपयांना पडतो. तो घाईनें लावला तर पैसा वायां जातोच. पण त्याहून वाईट म्हणजे घोडी आडवी होऊन तिला जोडलेली नाजूक विद्युत्‌रचना तुटते. म्हणून हें काम घरच्या घरीं, परंतु रीतसर, कसें करावें, तें आज सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम वाद्याची थोडी ओळख करून घेऊं. मूळचा डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यांतला सर्वांत थोरला. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत गोमंतकीय वादकांच्या हातून त्याचा गंभीर नाद आपण पुष्कळ ऐकला आहे. ह्या वाद्याची अडचण दुहेरी : एक तर तें अवजड, आणि दुसरें म्हणजे कर्णे व ढोल ह्यांच्या गर्दींत त्याचा आवाज बुडून जातो. अमेरिकेंत रिकनबॅकर कंपनीनें १९३६ च्या सुमारास ह्या वाद्याची पोकळ कायाच काढून टाकली, आणि तारांखालीं चुंबक बसवून त्यांचा कंप विजेच्या द्वारें ध्वनिवर्धकाकडे पोंचविला. पुढें एव्हरेट हल नांवाच्या बेसवादकानें वाद्य ज्या खुंटावर उभें राहतें त्या खुंटालाच ध्वनिग्राहक जोडला. ‘अॅम्पेग’ हें त्याच्या कंपनीचें नांव त्या खुंटावरूनच पडलें. ह्याच कंपनीनें १९६२ सालीं ‘बेबी बेस’ बाजारांत आणला, आणि न्यूयॉर्कमधील लॅटिन संगीताच्या वाद्यवृंदांत त्याला मानाचें स्थान मिळालें. आज निरनिराळ्या देशांतील कंपन्या अशीं वाद्यें बनवितात. त्यांचीं रूपें वेगळालीं असलीं, तरी तारा लावण्याचें शास्त्र एकच आहे.

बेसच्या चार तारा. आपल्या पेटीच्या भाषेंत सांगायचें तर सर्वांत जाड तार पांढरी तीनमध्यें, दुसरी पांढरी सहामध्यें, तिसरी पांढरी दोनमध्यें, आणि सर्वांत बारीक तार पांढरी पांचमध्यें लावतात. प्रत्येक तार मागल्या तारेच्या मध्यमांत असते. व्हायोलिनच्या तारा षड्ज-पंचम भावानें लागतात, बेसच्या षड्ज-मध्यम भावानें. हा त्यांतला भेद. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कांपते, आणि बारीक तार ९८ वेळां. इतका खालचा स्वर काढण्यासाठीं तार लांब व वजनदार असावी लागते, आणि ती ताणूनहि धरावी लागते. पोलादी तारांच्या संचांत एकेका तारेवर पंचवीस ते तीस किलोंचा ताण सामान्यतः असतो. म्हणजे चौघींचा मिळून शंभर किलोंहून अधिक. एवढें बळ एका लहानशा लांकडी घोडीवरून वळतें आणि तिला खालीं दाबून धरतें, हें पुढील सर्व विवेचनांत ध्यानांत ठेवावें.

आतां तारा विकत घेण्याविषयीं. येथें दोन प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न लांबीचा. मानेच्या टोकाशीं जी लहान पट्टी असते, जिला आपण तंबोऱ्यावर अटी म्हणतों, तेथपासून घोडीपर्यंतचें अंतर मोजावें. पुष्कळ वाद्यांवर तें १०५ सेंटिमीटरच्या आसपास असतें. कांहीं आंखूड वाद्यांवर मात्र तें ८६ सेंटिमीटरच भरतें. मेर्सेन ह्या फ्रेंच विद्वानानें १६३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, तार तीच आणि स्वर तोच ठेवून लांबी कमी केली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत उतरतो. म्हणजे १०५ सेंटिमीटरांसाठीं केलेली तार ८६ सेंटिमीटरांवर चढविली, तर तिचा ताण जवळजवळ एक-तृतीयांशानें घटेल. ती ढिली पडेल आणि पट्टीवर आपटून खरखरेल. शिवाय लांब तारेचा जाड भाग खुंटीपर्यंत जाईल आणि तेथें वळतांना त्याचा वेढा उकलेल. म्हणून आपल्या वाद्याच्या लांबीसाठींच बनविलेला संच मागावा.

दुसरा प्रश्न पिकअपचा, म्हणजे तारेचा कंप टिपून घेणाऱ्या साधनाचा. तें दोन जातींचें असतें. चुंबकी पिकअप तारेंतील लोहाच्या हालचालीवर चालतें. त्याच्यावर आंतड्याची तांत किंवा नुसता कृत्रिम धागा लावला, तर वाद्य मुकें होतें. दुसरी जात पीझोची. कांहीं स्फटिकांवर दाब पडला कीं त्यांत वीज उत्पन्न होते, हा शोध झाक व पिएर क्यूरी ह्या बंधूंनीं १८८० सालीं लावला. त्याच गुणावर चालणारी पट्टी घोडीच्या पायाखालीं किंवा पोटांत बसविलेली असते. तिला घोडीचा कंप पुरतो, तार कशाची आहे ह्याची तिला पर्वा नसते. तेव्हां तारा निवडण्यापूर्वीं आपल्या वाद्यांत कोणती जात आहे हें पाहून घ्यावें. पोकळ कायेच्या वाद्यांत लांकूड आणि आंतील हवा तारेचे दोष बरेच झांकून घेतात. विजेच्या बेसला तें आवरण नाहीं. तार जें बोलते तेंच ध्वनिवर्धकांतून बाहेर येतें. ह्यास्तव ह्या वाद्यांत तारेच्या निवडीला अधिकच महत्त्व आहे.

तारा बदलण्याची वेळ आली हें कसें ओळखावें? हाताचा घाम आणि मळ वेढ्यांच्या फटींत सांचतो, तारेचें वजन जागोजागीं असमान होतें, आणि मग तिच्यांतले वरचे सूक्ष्म स्वर मरतात. परीक्षा सोपी आहे. तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतें टेकवून, न दाबतां, ती छेडावी. वरचा षड्ज ऐकूं येईल. मग त्याच जागीं तार दाबून छेडावी. नवी असतांना हे दोन स्वर जुळत असत, आणि आतां घोडी जागच्या जागीं असूनहि त्यांत स्पष्ट अंतर पडत असेल, तर तार थकली असें समजावें. वेढा सुटूं लागला असेल, तर परीक्षेचीहि गरज नाहीं.

आतां प्रत्यक्ष काम. ध्वनिवर्धक बंद करून जोडणी काढून ठेवावी. पलंगावर किंवा मोठ्या मेजावर जाड घोंगडी पसरून वाद्य उताणें निजवावें, आणि मानेखालीं उशी द्यावी. घोडीच्या दोन्ही पायांभोंवतीं पेन्सिलीनें बारीक खूण करावी. घोडी डिंकानें चिकटविलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबानें उभी असते. म्हणून ह्या कामाचा मुख्य नियम हा कीं, एका वेळीं एकच तार काढावी, आणि तिच्या जागीं नवी चढवून ताणल्याखेरीज दुसरीला हात लावूं नये. साध्या डबल बेसमध्यें सर्व तारा काढल्या तर आंतील आधाराची दांडी पडण्याचें भय असतें. विजेच्या पुष्कळ वाद्यांत ती दांडीच नसते, म्हणून कित्येकजण निर्धास्त होतात. परंतु पीझोच्या केसासारख्या बारीक तारा घोडीलाच जोडलेल्या असतात. घोडी पडली कीं त्या तुटतात, आणि त्या पुन्हां जोडणें घरगुती काम नव्हे.

जुनी तार खुंटी उलट फिरवून सावकाश ढिली करावी. ताणलेली तार कधींहि कापूं नये; तिचें टोंक डोळ्याला किंवा चेहऱ्याला लागूं शकतें. काढलेली तार मोठें वेटोळें करून ठेवून द्यावी. नवी तुटली तर तीच वेळेला धांवून येते. तार निघाल्यावर अटीवरची आणि घोडीवरची तिची खांच मऊ पेन्सिलीच्या टोंकानें घांसून काळी करावी. पेन्सिलींतल्या ग्राफाइटमुळें तार खांचेंत सहज सरकते, आणि वेढा अडकून फाटत नाहीं.

नव्या तारेच्या एका टोंकाला धातूचा मणि असतो. तो खालच्या अडकवणीच्या भोकांत नीट बसवावा आणि तार घोडीवरून व अटीवरून वर न्यावी. हातांत धरल्यावर तारेला पीळ पडला असेल, तर तो आपोआप उलगडूं द्यावा. पीळ तसाच ठेवून ताणलेली तार बेसूर बोलते. वरचें टोंक खुंटीच्या छिद्रांतून ओंवून थोडें वळवावें, पहिला फेरा त्या टोंकावरून घेऊन तें दाबून टाकावें, आणि पुढचे फेरे एकमेकांवर न चढवितां शेजारीं शेजारीं बसवावे. तीन-चार फेरे पुरतात. तारेच्या टोंकांना रंगीत रेशमाचा वेढा असतो, तो अटी व घोडी ह्यांच्या दरम्यान, म्हणजे वाजत्या भागांत, येतां कामा नये.

तार ताणूं लागलें कीं ती घोडीचें डोकें आपल्याबरोबर मानेकडे ओढते. हें ओढणें इतकें हळूहळू होतें कीं, पाहणाराच्या ध्यानांत येत नाहीं, आणि एके दिवशीं झुकलेली घोडी वांकते किंवा धाडकन् पडते. म्हणून दर तारेनंतर बाजूनें पाहावें : घोडीची अडकवणीकडील पाठ वाद्याच्या पृष्ठाशीं काटकोनांत असली पाहिजे. झुकली असेल तर तारा किंचित् ढिल्या करून, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनीं व बोटांनीं घोडीचें डोकें धरून, तें केसभर मागें सारावें. पाय पेन्सिलीच्या खुणेवर आहेत कीं नाहींत, आणि ते पुरते टेकले आहेत कीं नाहींत, हेंहि पाहावें. पीझोच्या वाद्यांत एखादी तार इतरांहून क्षीण ऐकूं आली, तर दोष तारेचा असण्यापूर्वीं घोडीच्या अर्धवट टेकलेल्या पायाचा असण्याचा संभव अधिक.

चौथी तार लागली म्हणजे काम संपलें असें मात्र नव्हे. पोलादी तारा दोन-तीन दिवस उतरत राहतात. तांत आणि कृत्रिम धागा त्याहून अधिक काळ घेतात. रोज स्वर मिळवावा आणि रोज घोडी पाहावी. वादन संपल्यावर कोरड्या सुती फडक्यानें तारा पुसण्याची संवय मुलांना लावावी. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत, विशेषतः पावसाळ्यांत, पोलादाला गंज चढण्यास वेळ लागत नाहीं, आणि दोन मिनिटांच्या ह्या श्रमानें तारांचें आयुष्य पुष्कळ वाढतें.

श्रोतेहो, ह्या सर्व कामास तास-दीड तास लागतो, आणि हत्यारें म्हणाल तर पेन्सिल, फडकें आणि मोजपट्टी. पण त्याचा लाभ केवळ पैशाची बचत एवढाच नाहीं. ज्या मुलानें आपल्या वाद्याची घोडी स्वतःच्या हातानें सरळ केली, त्याला आवाज कोठून येतो आणि कशानें बिघडतो हें कळूं लागतें, आणि त्याचा कानहि त्याबरोबर तयार होतो. आपल्याकडे तंबोरा जुळवितां आल्यावांचून गाण्याची तालीम पुरी झाली असें मानीत नाहींत. हें नवें वाद्य घरांत आणतांना तोच शिरस्ता त्यालाहि लागू करावा, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.