कोपऱ्यात बसलेली कोंबडी: खुडूक की आजारी?

परसातील कोंबडी कळपापासून दूर, पिसे फुलवून बसू लागली, तर ती खुडूक झाली आहे की आजारी, हे प्रथम ओळखणे आवश्यक असते. खुडूक म्हणजे अंडी उबवण्याच्या अवस्थेतील कोंबडी. ती टोपलीतून उठत नाही, परंतु तिचे डोळे सतेज असतात आणि हात जवळ नेताच ती टोचते. याउलट आजारी कोंबडीचे डोळे मिटलेले, पंख ओघळलेले आणि तुरा फिकट किंवा निळसर दिसतो. मानेच्या तळाशी दाणे साठवणारी अन्नपिशवी एरवी रात्रभरात रिकामी होत असल्याने, ती सकाळीही टणक लागल्यास अन्न अडकले असण्याचा संभव असतो. अशा कोंबडीला उबदार, शांत जागी वेगळे ठेवून स्वच्छ पाणी द्यावे आणि पशुवैद्यकाला दाखवावे. हिरवट हगवण, धाप आणि मान मुरगळणे ही मानमोडीची, म्हणजेच राणीखेत या विषाणूजन्य रोगाची लक्षणे असून त्यावर औषध नसल्याने वेळेवर लसीकरण हाच खरा उपाय ठरतो. एकाच वेळी अनेक कोंबड्या दगावल्यास मृत पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.