तरवडीचे दीनमित्रकार

वर्तमानपत्र म्हटले की आपल्यापुढे शहर उभे राहते. ‘दर्पण’ १८३२ मध्ये मुंबईस निघाले, ‘केसरी’ १८८१ मध्ये पुण्यास. छापखाना, टपाल, वाचक व जाहिराती ही सारी सामग्री शहरातच एकत्र सापडे. अशा काळी नगर जिल्ह्यातील खेड्यात राहून साप्ताहिक काढण्याचे साहस ज्यांनी केले, त्या मुकुंदराव पाटील यांचा परिचय आज करून द्यावयाचा आहे.

मुकुंदरावांचा जन्म १८८५ चा. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी कृष्णराव भालेकर हे त्यांचे जनक पिते. भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ पत्र सुरू केले होते. मुकुंदराव पुढे पाटील घराण्यात दत्तक गेले. गणपतराव पाटील यांनी पूर्वी ‘दीनमित्र’ नावाचे मासिक चालविले होते. तेच नाव धारण करून २३ नोव्हेंबर १९१० रोजी मुकुंदरावांचे साप्ताहिक सोमठाणे येथून निघाले व पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी येथे स्थिरावले.

काळ अनुकूल नव्हता. त्याच वर्षी सरकारने छापखान्यांचा कायदा केला होता. नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये जामीन मागण्याचा अधिकार त्याने अधिकाऱ्यांस दिला. १९११ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात शेकडा सुमारे सहाच माणसे साक्षर आढळली. वाचणारेच इतके थोडे, तेथे वर्गणी भरणारे किती असणार? खेड्यात पत्र वाचले जाण्यापेक्षा ऐकलेच अधिक जाई. एकाने वाचावे आणि भोवतालच्या दहांनी कान द्यावेत, असा तो व्यवहार होता.

पण येथेच मुकुंदरावांच्या कार्याचे मर्म आहे. शेतकऱ्याची जमीन, देणे, सारा, सर्व काही कागदावर होते आणि कागद दुसऱ्याच्या हाती होता. कुलकर्ण्याने लिहावे, सावकाराने वाचावे आणि कुणब्याने अंगठा उठवावा! १९१३ च्या ‘कुलकर्णी लीलामृत’ या काव्यात त्यांनी पोथीचाच घाट घेऊन या कारभाराचा उपहास केला. पुढे १९१८ मध्ये शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने बंद केली, यावरून हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता हे दिसून येईल.

लेखणीबरोबर सत्यशोधक समाजाचे कार्यही त्यांनी अंगीकारले होते. मुलांना शिकवा, लग्नात कर्ज काढू नका, देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल नको, ही शिकवण शहरातून आलेल्या पाहुण्याने सांगणे निराळे आणि त्याच शिवारातील, त्याच दुष्काळात होरपळलेल्या माणसाने सांगणे निराळे. पाहुणा संध्याकाळच्या गाडीने परत जातो. गावकऱ्याला लिहिलेल्या प्रत्येक शब्दाचा जाब दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर द्यावा लागतो. टीका करणारा आणि ज्याच्यावर टीका झाली तो, दोघांची वाट एकच असते.

हा जाब मुकुंदराव १९६७ मध्ये देह ठेवीपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावन्न वर्षे देत राहिले. पत्राच्या मोठेपणाचे माप खपाच्या आकड्याने घेण्याचा प्रघात आहे. तथापि, ज्याच्यावतीने आजवर दुसरेच लिहीत आले, त्याच्या दारी छापखाना नेऊन ठेवणे, हेही एक माप आहे. आणि त्या मापाने तरवडी हे लहान गाव ठरत नाही.