अंतर मधल्या गावाचे

नागपूर ते मुंबई हे अंतर हवाई मार्गाने सुमारे 680 किलोमीटर भरते. समृद्धी महामार्गाची लांबी 701 आहे. म्हणजे पाखराच्या आणि माणसाच्या वाटेत आता फरक उरला थोडाच. वेळेचे गणित मात्र निराळे. विमान दीड तासात पोचवते, मोटार आठेक तासांत. पूर्वी रस्त्याने सोळा तास लागत.

हा सगळा हिशेब दोन टोकांच्या माणसांचा. मी राहतो मध्ये, मेहकर तालुक्यातल्या जानेफळला. विमाने आमच्या डोक्यावरून जातात. विमानतळ गाठायचा तर छत्रपती संभाजीनगर, मेहकरपासूनच दीडशे किलोमीटर. रेल्वेसाठी खामगाव नाहीतर शेगाव. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळातली. आमच्याकडे ती नातवंडांना वारशाने मिळते.

1996 साली मी मुंबईत नोकरीला होतो. एका सकाळी गावच्या एसटीडी बूथवरून फोन आला, अब्बा गेले. दुपारची गाडी मिळाली. शेगावला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. तिथून ट्रकने खामगाव, आणि पहाटेच्या पहिल्या एसटीने जानेफळ. आमच्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत. अब्बांना आदल्या संध्याकाळीच माती दिली होती. कबरीवर पाणी शिंपडल्याच्या खुणाही वाळल्या होत्या.

समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, तेव्हा मला पहिल्यांदा तीच कबर आठवली. पुढे 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली. 25 माणसे गेली. ओळख पटेना, म्हणून 24 जणांवर बुलढाण्यात एकत्र अंत्यसंस्कार झाले. लवकर पोचवणाऱ्या रस्त्याविषयी मी तेव्हापासून मोकळेपणाने बोलू शकत नाही.

5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आमणे भिवंडीजवळ, आणि माझा मुलगा भिवंडीलाच असतो. त्याच पावसाळ्यात एका पहाटे अम्मी गेली. आजीने वाढवलेला तो मुलगा. "अब्बा, जोहरपर्यंत पोचतो," एवढे म्हणून त्याने साडेसातला गाडी काढली. सव्वाचारशे किलोमीटर, वर पाऊस, आणि रात्रभर कामावर जागलेला.

गावात जोहरनंतरच्या जनाज्याचे ऐलान होऊन गेले होते. मी फोन लावला. तो सुनेने उचलला. मी सांगितले, "बेटा, जनाजा असरनंतर ठेवलाय. घाई नाही. शिर्डीजवळ थांबा, त्याला तासभर झोपू दे."

मग मशिदीत गेलो. वडीलधारे रागावले. गुस्ल झालेले, बाहेरगावचे पाहुणे बसलेले, पावसाचा भरवसा नाही. त्यांचे काही चुकत नव्हते. कुणाला अब्बांची गोष्ट सांगावी लागली, कुणाचे हात धरावे लागले. शेवटी ऐलान बदलले.

मुलगा अडीच वाजता आला. असरनंतर आम्ही दोघांनी अम्मीला माती दिली. फोन केला तेव्हा वेळ बदललेली नव्हती, हे त्याला आज रेडिओवरूनच कळेल.