घर विकताना काय सांगावे



घर विकायला काढले की आपल्याकडे पहिले बोलावणे जाते ते रंगाऱ्याला. वकिलाला नव्हे, आणि गवंड्याला तर नव्हेच. भिंतीचे पोपडे खरवडले जातात, लांबी भरली जाते, वर रंगाचे दोन हात बसतात, आणि चार दिवसांत घर नवरीसारखे दिसू लागते. यात गैर काय? पाहुणा यायचा म्हटल्यावर आपण ओसरी झाडतोच. परंतु झाडणे निराळे आणि झाकणे निराळे. ज्या भिंतीला दर श्रावणात ओल येते ती भिंत वैशाखात रंगवून दाखवणारा माणूस यांपैकी काय करीत असतो, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

विषयाचे नाव ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, “यावर तासभर बोलण्यासारखे आहे काय? खोटे बोलू नये, संपले.” त्यांचे म्हणणे खोटे नाही; पण प्रश्न खोटे बोलण्याचा नाहीच. न बोलण्याचा आहे. घेणाऱ्याने विचारले नाही आणि विकणाऱ्याने सांगितले नाही, तर दोष कोणाचा?

हा वाद फार जुना आहे. रोमन वक्ता सिसेरो याने इ. स. पू. ४४ मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात त्याने असेच एक घर घेतले आहे. घर रोगट आहे, लाकूड सडके आहे, खोल्याखोल्यांत साप निघतात, आणि हे मालकावाचून कोणाला ठाऊक नाही. त्याने ते न सांगता विकले, तर त्याने अन्याय केला काय? सिसेरो येथे दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे करतो. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्या माणसाला वाट न दाखवण्यासारखेच हे आहे. किंबहुना त्याहून वाईट, कारण येथे आपण त्याला समजून उमजून खड्ड्यात जाऊ देतो. त्याचे गुरू डायोजिनिस यांचे म्हणणे उलट आहे. विकणाऱ्याने कोणाला घे म्हणून जबरदस्ती केली नाही. घेणाऱ्याला डोळे होते. आणि रोगट घर विकणे आहे अशी दवंडी कोणी शहाणा पिटवील काय? श्रोतेहो, हे गुरुमहाराज आजही आपल्यात आहेत. कोणत्याही दलालाच्या कचेरीत त्यांची भेट होते.

सिसेरोने कौल दिला तो शिष्याच्या बाजूने. शिवाय एक खरा खटला त्याने नोंदवला आहे. क्लॉडियस सेंटुमॅलस नावाच्या गृहस्थाचे रोममधील सीलियन टेकडीवर उंच घर होते. शकुन पाहणाऱ्या अधिकारी पुरोहितांना त्या उंचीचा अडथळा होई. त्यांनी हुकूम काढला की आड येणारा भाग पाडा. क्लॉडियसने काय केले? भाग पाडला नाही. घर विकायला काढले. घेणाऱ्यावर तोच हुकूम बजावला गेला, त्याने मुकाट्याने बांधकाम उतरवले, आणि मागाहून त्याला कळले की हुकूम विक्रीच्या आधीचा होता. प्रकरण मार्कस केटोपुढे गेले. त्याने निवाडा दिला की विकणाऱ्याला हे ठाऊक होते आणि त्याने सांगितले नाही, तेव्हा नुकसान त्याने भरून द्यावे. दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली. शकुन पाहणाऱ्यांच्या जागी नगरपालिका आली, एवढाच फरक. अनधिकृत गॅलरीची नोटीस कपाटात घडी करून ठेवायची आणि फ्लॅट विकून मोकळे व्हायचे, हा प्रकार ज्यांच्या पाहण्यात नाही असे गृहस्थ या सभागृहात थोडेच निघतील.

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. येथे एक मोठी गंमत आहे. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ खाली एका घोड्याचे उदाहरण दिले आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याची खोड ठाऊक आहे. तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. गप्प बसणे म्हणजे फसवणे नव्हे. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की तू नाही म्हटले नाहीस तर घोडा चांगला असे मी समजेन, तर त्यानंतरचे गप्प बसणे हे बोलल्यासारखेच धरले जाते.

हे झाले घोड्याचे. पुढे दहाच वर्षांनी, १८८२ मध्ये, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आला आणि त्यातील कलम ५५ ने घराच्या बाबतीत पारडे फिरवले. मिळकतीत किंवा तिच्या मालकीहक्कात एखादा महत्त्वाचा दोष आहे, तो विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही तो घेणाऱ्याच्या ध्यानात येण्यासारखा नाही, तर तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. एवढ्यावर न थांबता त्याच कलमाने पुढे म्हटले आहे की तो न सांगणे हे कपटच होय. म्हणजे घोडा विकताना गप्प बसणारा सुटतो. घर विकताना गप्प बसणारा सुटत नाही.

असा फरक का असावा? कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो. आपल्या हवेत त्याला एक उत्तम कारण आहे. घोडा पाचपन्नास पावले चालवून पाहता येतो. घराला पावसाळ्यात चालवून पाहावे लागते! आपली ही व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते तेच दिवस घरे पाहत हिंडण्याचे. पाडवा, अक्षय्य तृतीया, मुलांच्या सुट्ट्या. आभाळ कोरडे, भिंती कोरड्या. मृगाचे पाणी अजून लांब असते. उलट श्रावणात घर पाहणाऱ्याला विहीर काठोकाठ भरलेली दिसते. ती चैत्रात तळ गाठते हे त्याला कोण सांगणार? गच्ची कोठे ठिबकते, वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीघराचे पाणी कोणत्या कोपऱ्यात उतरते, वाळवीचे औषध कितीदा मारून झाले, हे वर्षभर त्या छपराखाली राहिलेल्या माणसालाच ठाऊक असते.

मालकीहक्काचे निदान कागद असतात. निबंधकाच्या कचेरीत मागच्या तीस वर्षांचा शोध घेता येतो, सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढता येते. ओलीचा सातबारा निघत नाही. आणि पुराचे काय? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पुण्यात पाणी कोठवर चढले होते, २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी सांगलीत ते कोणत्या जिन्यापर्यंत आले होते, याच्या खुणा भिंतींवर उमटल्या. रंगाचा एक हात दिला की ती खूण जाते. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि तांबडी पूररेषा असते हे खरे. पण त्या नकाशावरून आपल्या उंबरठ्यावर किती फूट पाणी येईल हे सामान्य घेणाऱ्याला कळत नाही. विकणाऱ्याला ते गुडघ्यावर हात ठेवून दाखवता येते.

अमेरिकेतील दोन निकाल येथे आठवतात. दोन्ही वाळवीचे. १९४२ साली मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने ठरवले की घराला वाळवी आहे हे जाणूनही विकणारा नुसता गप्प बसला, तर तो जबाबदार नाही. कारण तसे मानले तर प्रत्येक विकणाऱ्याला प्रत्येक उणीव सांगत बसावे लागेल. अठरा वर्षांनी, १९६० साली, वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयाने वाळवीच्याच प्रकरणात विकणाऱ्याला जबाबदार धरले. किडा तोच, आणि लाकडे खाण्याची त्याची रीतही तीच. बदलली होती ती माणसांची समजूत. आपल्याकडे ती समजूत १८८२ पासून कागदावर आहे. मग ती व्यवहारात का उतरत नाही?

एक कारण कायद्यातच आहे. उलट करार नसेल तर हे कलम लागू, असे ते म्हणते. म्हणून प्रत्येक खरेदीखतात एक ठराविक ओळ येऊन बसली आहे: मिळकत जशी आहे तशी पाहून, पसंत करून घेतली आहे. जाणूनबुजून केलेले कपट या ओळीने धुऊन निघते असे आम्हांला वाटत नाही. पण घेणाऱ्याचे धैर्य मात्र खचते. दुसरे कारण पुराव्याचे. विकणाऱ्याला दोष ठाऊक होता हे सिद्ध कसे करायचे? बिल्डरकडून नवा फ्लॅट घेतला, तर २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेले बांधकामाचे दोष त्याने पदरच्या खर्चाने दूर करायचे असतात. परंतु तुम्ही आम्ही एकमेकांना जुनी घरे विकतो तेव्हा तो कायदा मधे येत नाही. तेथे ते १८८२ चे कलम, आणि विकणाऱ्याचे मन.

त्याच कलमाची दुसरी बाजू फारशी कोणी वाचत नाही. घेणाऱ्यावरही बंधन आहे. समजा, एका वृद्ध विधवेला वाटते की नवऱ्याच्या घरावर आपला हक्क हयातीपुरताच आहे, म्हणून ती मिळेल त्या किमतीला सौदा करायला तयार आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अशा स्त्रियांचा मर्यादित हक्क सर्वसाधारणपणे पूर्ण मालकीचा झाला, हे घेणाऱ्याला ठाऊक आहे. तो गप्प राहून निम्म्या किमतीत घर घेईल तर तोही कपटीच. लबाडी फक्त विकणाऱ्याच्या बाकावर बसते असे समजू नये.

मग सांगायचे तरी काय काय? शेजारी भांडतो, हेही? घरात कोणी जीव दिला होता, हेही? न्यूयॉर्क राज्यात १९९१ साली एक विलक्षण खटला झाला. मालकिणीने आपल्या घरात भुते आहेत अशी वर्तमानपत्रांतून प्रसिद्धी होऊ दिली, आणि विकताना परगावच्या गिऱ्हाइकाला मात्र ती हकीकत सांगितली नाही. न्यायालयाने म्हटले, बाई, तुम्हीच भुते आहेत असे जगाला सांगितले, तेव्हा कायद्यापुरती ती आहेत. आणि घेणाऱ्याला सौदा मोडू दिला. आमचे मत असे की जेथे दोष घराचा असेल तेथे तो सांगावाच. जेथे तो ऐकणाऱ्याच्या समजुतीचा असेल तेथे आपण होऊन सांगण्याचे बंधन मानू नये, पण विचारले तर खोटे बोलू नये. शेजारी कोणत्या जातीचे आहेत हा तर घराचा दोष नव्हेच. तो प्रश्न विचारणाऱ्याचा आहे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगितल्याशिवाय या व्यासपीठावर उभे राहणे आम्हांला जड जात आहे. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी वडिलोपार्जित वाड्यातला आमचा हिस्सा विकला. दोन छपरांच्या मधली पन्हळ दर पावसाळ्यात गळे. तिच्याखालची तुळई आतून भुसभुशीत झाली होती. दरवर्षी शाकारणीच्या वेळी एक म्हातारा कारागीर येऊन पत्र्याचे ठिगळ लावून जाई. विक्री वैशाखात झाली. भिंतीला चुना दिला होता. घेणारे एक शिक्षक होते. त्यांनी विचारले, “पावसात काही त्रास?” आम्ही म्हणालो, “जुनं घर म्हटल्यावर थोडंफार असायचंच.” वाक्य खरे होते. वकिली भाषेत त्यात खोट काढता येणार नाही, अशी आम्ही तेव्हा स्वतःची समजूत घातली.

आषाढात ते आमच्याकडे आले. भांडायला आले असते तर बरे झाले असते. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलले, आणि उठताना म्हणाले, “पन्हळीला तुम्ही दरवर्षी कोणाला बोलवायचात, त्यांचं नाव हवं होतं.” दरवर्षी, असे म्हणाले. ठिगळांवर ठिगळे पाहून त्यांनी वर्षे मोजली होती. आम्ही नाव दिले. तुळई बदलायला त्यांना किती खर्च आला हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

भाव पडेल, ही भीती तेव्हा आम्हांला होती. ती खोटी नव्हती. भाव पडलाच असता. परंतु तो एका तुळईच्या किमतीने पडला असता, आणि ती किंमत मुळात आमच्याच अंगावरची होती. ती आम्ही त्या शिक्षकांच्या अंगावर ढकलली; आणि मधल्या काळात पाणी मुरत राहिल्याने ती वाढवून ढकलली.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. साठेखताच्या आधी, विसार घेतानाच, विकणाऱ्याने आपल्या हाताने अर्धे पान लिहून द्यावे: पाणी कोठे येते, वाळवी कोठे होती, पूर किती चढला, कोणाची नोटीस आली आहे. आणि घेणाऱ्याने भीड न धरता हेच प्रश्न लेखी विचारावेत. घोड्याच्या उदाहरणात आहे तसे, विचारल्यावर गप्प बसणे अवघड होते.

आम्ही स्वतः सध्या राहता फ्लॅट विकायला काढला आहे. जिने चढवत नाहीत. पश्चिमेच्या भिंतीची ओल, गच्चीचे दोनदा केलेले आणि दोन्ही वेळा फसलेले वॉटरप्रूफिंग, सोसायटीचा चालू असलेला दावा, असे सगळे एका कागदावर लिहून ठेवले आहे. दलाल म्हणतात, “काका, निदान भाव ठरेपर्यंत हा कागद दाखवू नका.” आम्ही तो पहिल्याच भेटीत पुढे ठेवतो. एक गिऱ्हाईक कागद वाचून चहा न घेताच गेले. दुसऱ्याने तो घडी करून खिशात घातला आहे. रविवारी आपला गवंडी घेऊन येतो म्हणाला आहे.